ब्रेक पॅड बदलले तरी लाल लाईट जात नाही? रिसेटचं बटण शोधण्याआधी हे वाचा

गाडीचे ब्रेक पॅड बदलले, गॅरेजवाल्याचे पैसे दिले, गाडी घरी आणली आणि डॅशबोर्डवरची लाल लाईट तशीच. मग आपण काय करतो? मोबाईल काढतो आणि सर्च मारतो, ब्रेक लाईट रिसेट कशी करायची. व्हिडिओ भरपूर सापडतात. ‘चावी ऑन करा, हे बटण दहा सेकंद दाबून धरा, झालं रिसेट.’ आणि आपण आपल्या स्विफ्टमध्ये नाहीतर आय-टेनमध्ये ते बटण शोधत बसतो.

ते सापडत नाही, कारण ते तिथे नाहीच. असे व्हिडिओ बहुतेक वेळा बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांचे असतात. सोलापुरात सात रस्त्याला दहा मिनिटं उभं राहून गाड्या बघा. वॅगनआर, स्विफ्ट, टियागो, बोलेरो. यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये पॅड किती उरलेत हे मोजणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे ‘मी नवीन पॅड टाकले’ हे गाडीला कळवायची सोयही नसते आणि गरजही नसते.

मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. त्यामुळे एखादी लाईट लागली की मला पहिला प्रश्न पडतो तो असा: ही लाईट नेमकी कोण लावतंय? फोनचंच उदाहरण घ्या. व्हॉट्सअॅपचं नोटिफिकेशन तुम्ही बोटाने सरकवून घालवू शकता. पण बॅटरी संपत आल्यावर येणारा लाल आयकॉन सरकवून जात नाही. तो घालवायचा एकच मार्ग, चार्जर लावणे. आपल्या साध्या गाड्यांमधली ब्रेकची लाल लाईट ही दुसऱ्या जातीची आहे. तिला आठवण नसते. कारण आहे तोपर्यंत ती लागते, कारण गेलं की आपोआप विझते. म्हणजे पॅड बदलूनही ती लागलेली असेल तर काहीतरी कारण अजून शिल्लक आहे.

आधी लाईट कोणती ते ओळखा

गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, रंग लाल: ही ब्रेकची मुख्य लाईट. हँडब्रेक ओढलेला असला तरी हीच लागते आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी हीच. काही गाड्यांत हँडब्रेकसाठी गोलात इंग्रजी ‘पी’ असलेली वेगळी लाईट असते. पिवळ्या रंगात ‘एबीएस’ लिहिलेलं असेल तर तो वेगळा विषय, त्याकडे खाली येतो. आणि गोलाच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस असतील, आत उद्गारचिन्ह नसेल, तर ती खास पॅड झिजल्याची लाईट. ती तुमच्या गाडीत आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, इन्शुरन्सच्या कागदांखाली सापडेल.

ज्या गाड्यांत पॅडचा सेन्सर नसतो, तिथे कंपनीने दुसरी सोय केलेली असते. पॅडला लोखंडाची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ही पट्टी डिस्कला घासते आणि कर्कश आवाज येतो. वायर नाही, लाईट नाही, नुसता आवाज. गाणी मोठ्याने लावून गाडी चालवणाऱ्यांना तो ऐकू येत नाही, एवढाच त्यातला दोष.

कटिंग चहाएवढ्या ब्रेक ऑइलची गोष्ट

आता मुख्य भाग. पॅडचा सेन्सर नसताना पॅड झिजल्यावर लाल लाईट का लागते? आणि पॅड बदलायचा आणि या लाईटचा संबंध आला कुठून?

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला एक छोटी प्लॅस्टिकची टाकी दिसेल. तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. यात असतं ते ब्रेक फ्लुइड, ज्याला आपल्याकडे सगळे ब्रेक ऑइल म्हणतात. (हे खरं तर ऑइल नाही. चुकून इंजिन ऑइल टाकलं तर आतले रबरी सील फुगून खराब होतात.) टाकीच्या आत एक तरंगणारा फ्लोट असतो. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसाच. या फ्लोटमध्ये लोहचुंबक असतं. पातळी खाली गेली की ते खालच्या स्विचजवळ येतं, स्विच जोडला जातो आणि लाईट लागते.

ब्रेक दाबला की हे फ्लुइड कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पॅड झिजत गेला की पिस्टन तेवढाच पुढे सरकून राहतो. त्याच्यामागे जी जागा तयार होते ती भरायला टाकीतलं फ्लुइड खाली उतरतं. गळती नाही, कुठे सांडलं नाही, तरी पातळी कमी.

किती कमी? हिशोब सोपा आहे. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर धरा. म्हणजे त्याचं क्षेत्रफळ साधारण २० चौरस सेंटिमीटर. आतला आणि बाहेरचा असे दोन पॅड, प्रत्येकी ८ मिलिमीटर झिजले, तर पिस्टन एकूण १६ मिलिमीटर पुढे आला. वीस गुणिले १.६ म्हणजे सुमारे ३२ मिलिलिटर. पुढची दोन चाकं मिळून ६० मिलिलिटरच्या थोडं वर. एक कटिंग चहा. त्या छोट्या टाकीसाठी हे पुष्कळ झालं.

म्हणजे ही टाकी आडमार्गाने का होईना, पॅडचं मीटर आहे. सुरुवातीला लाईट वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर क्षणभर चमकते, कारण फ्लुइड हिंदकळतं. पुढे ती कायम राहते. अशा वेळी सगळ्यात जास्त होणारी गोष्ट म्हणजे टॉप-अप. कोणीतरी बाटली आणून टाकी काठोकाठ भरतो, लाईट विझते, सगळे खूश. पॅड मात्र झिजतच राहतात, आणि ते सांगणारं जे एकमेव मीटर होतं तेही आपण भरून टाकलेलं असतं. मग पुढची सूचना येते ती थेट लोखंडावर लोखंड घासल्याच्या आवाजाने. तोवर पॅडबरोबर डिस्कचाही खर्च लागलेला असतो.

याच टॉप-अपचा दुसरा त्रास पॅड बदलताना होतो. नवीन पॅड जाड असतात, ते बसवायला पिस्टन मागे ढकलावा लागतो. तो कटिंग चहा परत वर टाकीत येतो. टाकी आधीच भरलेली असेल तर झाकणातून बाहेर. हे फ्लुइड गाडीचा रंग खातं. सांडलंच तर फडक्याने पुसत बसण्यापेक्षा लगेच भरपूर पाणी ओता.

आता उलटा विचार करा, कारण लाईटचं उत्तर इथेच आहे. पॅड नवीन टाकले की पातळी वर यायला हवी आणि लाईट आपोआप विझायला हवी. पॅड बदलूनही पातळी किमान खुणेच्या खाली असेल, तर फ्लुइड पॅडच्या झिजण्यामुळे कमी झालेलं नव्हतं. ते कुठेतरी बाहेर गेलंय.

‘रिसेट मारलं की’

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या मामांनी पुढचे पॅड बदलून घेतले. लाईट गेली नव्हती म्हणून परत गॅरेजला गेले आणि पंधरा मिनिटांत आले. लाईट बंद.

“मामा, काय केलं त्यांनी?” मी विचारलं.

“रिसेट मारलं की. उद्या तुळजापूरला जायलोय सगळे, म्हणून लगेच करून घेतलं.”

या गाडीत रिसेट करण्यासारखं काही नाही हे मला माहीत होतं, म्हणून बॉनेट उघडायला लावलं. टाकीच्या फ्लोटला लागणारा दोन वायरींचा सॉकेट काढून बाजूला सोडलेला होता. तो परत लावला, चावी ऑन केली, लाईट हजर. टाकीत फ्लुइड किमान खुणेच्या बरंच खाली. चाकं आतल्या बाजूने बघितली तर मागचं डावं चाक ओलं. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत होता. पुढचे पॅड बदलताना मागचे ड्रम कोणी उघडलेच नव्हते.

सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि गावाजवळ घाट आहे. जाताना चढ, येताना उतार, त्यात नवरात्राची गर्दी आणि रस्त्याच्या कडेने चालत जाणारे भाविक. आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात, त्यामुळे एका भागातलं फ्लुइड संपलं तरी ब्रेक पूर्ण जात नाही. पण पेडल खूप खाली जातं आणि उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर पाच माणसांची गाडी उतारावर थांबवायची असते. मामांची गाडी दुसऱ्या दिवशी गेली नाही, सगळे एसटीने गेले.

सॉकेट काढल्यावर लाईट का विझली, हे बघण्यासारखं आहे. बहुतेक गाड्यांत हा स्विच ‘एरवी उघडा’ प्रकारचा असतो. पातळी ठीक असेल तर करंट नाही, कमी झाली तरच करंट. म्हणजे ‘सगळं ठीक आहे’ आणि ‘वायरच तुटली आहे’ या दोन गोष्टी गाडीला अगदी सारख्या दिसतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एरर आली नाही म्हणजे सर्व्हर चालू आहे असं नाही, कदाचित एरर पाठवणाराच बंद पडलाय. चावी ऑन केल्यावर सगळ्या लाईट दोन-तीन सेकंद लागतात, त्या चाचणीतही हे पकडलं जात नाही. ती चाचणी लाईटची असते, टाकीपर्यंत गेलेल्या वायरीची नाही.

पॅडचा सेन्सर असलेल्या बऱ्याच गाड्यांत याच्या उलट रचना असते. तिथे वायरीचा एक वेढा सतत जोडलेला असतो आणि तो तुटला की लाईट लागते. वायर उंदराने कुरतडली तरी लाईट लागते. थोडा उगाच त्रास होतो, पण माझ्या मते ब्रेकसारख्या गोष्टीसाठी हीच रचना बरोबर.

‘रिसेट’ हा शब्द ब्रेकच्या बाबतीत एकेकाळी अगदी खरा होता, बरं का. अमेरिकेत १९६८ पासून कारमध्ये दुहेरी ब्रेक आणि वॉर्निंग लाईट सक्तीची झाली. तेव्हाच्या अनेक गाड्यांत दोन भागांच्या मध्ये एक छोटा पिस्टन असायचा. एका भागाचं प्रेशर गेलं की तो एका बाजूला सरकायचा आणि स्विच दाबायचा. दुरुस्ती झाली तरी तो तिकडेच अडकून राहायचा आणि मेकॅनिकला तो परत मधे आणावा लागायचा.

पॅड बदलल्यावर लाईट राहते त्याची बाकी कारणं

सगळ्यात निरुपद्रवी कारण हँडब्रेक. ब्रेकचं काम करताना मेकॅनिक पुष्कळदा हँडब्रेकची केबलही आवळतो. ती जास्त आवळली की लिव्हर पूर्ण खाली बसत नाही आणि त्याच्या बुडाशी असलेला छोटा स्विच सुटत नाही. लिव्हर हाताने खाली दाबून धरा. लाईट विझली तर कारण सापडलं. पण तशीच गाडी चालवू नका, केबल ताणलेली असेल तर मागचे ब्रेक हलके लागून राहतात आणि तापतात.

फ्लोटमध्ये गडबड आहे का हे बघायचं असेल तर गाडी उभी असताना, हँडब्रेक खाली सोडून, चावी ऑन ठेवून तो सॉकेट क्षणभर काढा. (जागा सपाट हवी आणि चाकाखाली दगड लावा.) लाईट विझली तर प्रश्न टाकीत आहे: एकतर फ्लुइड कमी आहे, नाहीतर पातळी बरोबर असूनही फ्लोट बुडालाय किंवा अडकलाय. बघून झालं की सॉकेट परत लावायचा. मेकॅनिकने हे तपासायला केलं तर ती तपासणी आहे, तसंच सोडून दिलं तर फसवणूक आहे.

आता पिवळी एबीएसची लाईट. भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नवीन कारमध्ये एबीएस सक्तीचं आहे. त्यासाठी चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो आणि त्याची वायर कॅलिपरच्या शेजारूनच जाते. पॅड बदलताना कॅलिपर सोडवून लोंबकळत ठेवला, वायर ताणली गेली किंवा सॉकेट नीट बसला नाही की ही लाईट लागते. नुसती पिवळी असेल तर नेहमीचा ब्रेक चालतो, फक्त एबीएस चालत नाही. पिवळी आणि लाल एकत्र असेल तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही बंद असू शकते. तेव्हा जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. दोन्ही लाईट एकत्र दिसल्या तर हायवेला जाऊ नका.

ज्यांना खरंच रिसेट करावं लागतं ते

बीएमडब्ल्यूमध्ये पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाच्या पॅडमध्ये सेन्सर असतो. प्लॅस्टिकच्या बोंडात वायर, पॅडबरोबर तीही झिजते. दोन टप्प्यांत तुटते, त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर अजून किती किलोमीटर जातील याचा अंदाज बांधतो. हा सेन्सर एकदा कापला गेला की वाया. नवीन पॅडबरोबर नवीन सेन्सर टाकावाच लागतो. त्यानंतर इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करायचं, ट्रिप मीटरचं बटण दाबून धरून सर्व्हिसच्या मेनूत जायचं आणि त्या चाकांचे ब्रेक निवडून रिसेट करायचं. मॉडेलप्रमाणे पायऱ्या थोड्या बदलतात. सेन्सर तुटलेला असेल तर गाडी रिसेट स्वीकारत नाही, आणि हे फार चांगलं आहे.

दुसऱ्या काही गाड्यांत पॅड झिजल्यावर उघडी पडलेली वायर डिस्कला टेकते आणि लाईट लागते. तिथे नवीन सेन्सर लावला की काम होतं. वायरचा वेढा असलेल्या गाडीत दोन्ही टोकं जोडून टाकायचा जुगाडही होतो. त्याने लाईट कायमची जाते, म्हणजे पुढच्या वेळी पॅड संपले तरी लागणार नाही.

आणि मोबाईलवरून?

तुमच्यापैकी अनेकांनी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लागणारा ब्लूटूथ डोंगल घेतला असेल, तो ईएलएम ३२७ वाला. इंजिनचा चेक लाईट कोड वाचायला मस्त आहे, माझ्याकडेही आहे. पण ओबीडीचा जो भाग सगळ्या कंपन्यांना सारखा आहे तो इंजिन आणि धुरासाठी बनवलेला आहे. एबीएसचे कोड कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने साठवलेले असतात. काही अॅप ते वाचतात, काही वाचत नाहीत. आणि फ्लोट किंवा हँडब्रेकच्या स्विचवर लागणाऱ्या लाल लाईटसाठी तर बहुतेक वेळा कोडच नसतो. अॅप म्हणेल ‘नो फॉल्ट’ आणि लाईट डोळ्यासमोर जळत असेल. अशा वेळी लाईटवर विश्वास ठेवा.

एबीएसचा कोड मिळाला तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. कोणतं चाक ते त्यात लिहिलेलं असतं आणि मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

क्रेटा किंवा एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या व्हेरिएंटसारखा बटणाचा हँडब्रेक असेल तर मात्र सहसा स्कॅनर लागतो. अशा गाडीत मागच्या कॅलिपरवर मोटर असते. मागचे पॅड बदलण्याआधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये टाकून ती मोटर मागे घ्यावी लागते. स्कॅनर नसलेल्या ठिकाणी क्लॅम्प लावून पिस्टन ढकलला तर मोटर आणि गिअर तुटू शकतात. गाडी देण्याआधीच विचारा, “सर्व्हिस मोडला टाकायचं मशीन आहे का?”

गाडी ताब्यात घेताना

पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल पाच-सहा वेळा दाबा, ते कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाऊ शकतं. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गरज नसताना कचकन ब्रेक मारू नका. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत हळूहळू कमी करायचं, थोडं अंतर जाऊन परत, असं आठ-दहा वेळा केलं की पॅड डिस्कवर नीट बसतात.

फ्लुइड शेवटचं कधी बदललं तेही विचारा. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट ४ फ्लुइड निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. सोलापूरच्या मे महिन्यात, घाटाच्या उतारावर, तापलेल्या ब्रेकमध्ये हा फरक पायाला कळतो: वाफ झाली की पेडल स्पंजसारखं मऊ पडतं. बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

आणि जुने पॅड मागून घ्या. एकाच चाकाचा आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही साधारण सारखे झिजलेले असतील तर ठीक. आतला संपलेला आणि बाहेरचा जाड असेल तर कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना जाम आहेत, आणि त्या साफ करून ग्रीस लावल्याशिवाय नवीन पॅडही तसेच एका बाजूने जातील.